कावळा काय म्हणाला ते नंतर. ऐकणाऱ्यानं काय केलं ते आधी

प्राण्यांचं संज्ञापन, त्यांची आकलनशक्ती, भाषेचा उगम या विषयात शिरायचंय म्हणून विचारायला येणारी मुलं साधारण दोन प्रकारची असतात. काहींनी चिंपांझी आणि बोलणाऱ्या पोपटांचे व्हिडिओ पाहिलेले असतात, तर काहींनी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की वाचलेला असतो. दोघांनाही मी एकच काम सांगते: वही घे, सोसायटीच्या आवारात खाली उतर आणि तासभर कावळे बघ. बरेच जण त्यानंतर फोन करत नाहीत. जे करतात त्यांना पुढचं सगळं तुकड्यातुकड्यानं सांगावं लागतं, ते इथे एकत्र लिहिते आहे. मी मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं, मग भाषाशास्त्राकडे वळले, आणि सध्या पक्ष्यांच्या आवाजांवरच्या एका प्रकल्पात काम करते. तेव्हा सल्ला या वाटेचाच मिळेल, प्रयोगशाळेतल्या मेंदूवाल्यांचा वेगळा असू शकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. प्राण्याला काय ‘म्हणायचं’ होतं हे आपल्याला विचारता येत नाही. आपल्या हातात असतं ते ऐकणाऱ्याचं वागणं. या क्षेत्रातले बरेचसे गाजलेले प्रयोग याच एका युक्तीवर उभे आहेत. केनियातल्या अंबोसेलीमध्ये रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी व्हर्वेट माकडांवर केलेलं काम १९८० साली प्रसिद्ध झालं. ही माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांना बघून वेगवेगळ्या हाका देतात हे आधीच माहीत होतं. प्रश्न असा होता, की ऐकणारं माकड हाकेवर धावतं की स्वतः बिबट्या बघून? म्हणून बिबट्या नसताना, झुडपात लपवलेल्या स्पीकरवरून नुसती हाक वाजवली. बिबट्याच्या हाकेला माकडं झाडावर चढली, गरुडाच्या हाकेला वर बघू लागली किंवा झुडपात शिरली, सापाच्या हाकेला मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधू लागली. हाक देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे या प्रयोगातून कळत नाही आणि ते कळलं असा दावाही करायचा नसतो. ऐकणारा त्यातून काय काढून घेतो ते कळतं. तुमचा अर्धा अभ्यास या दोन वाक्यांमधला फरक सांभाळण्यात जाणार आहे.

आता कावळे. एप्रिल ते जून हा हंगाम उत्तम, कारण कावळ्यांची घरटी आणि कोकिळेची लगबग एकाच वेळी चालू असते, आणि मुंबईत त्यासाठी कुठे जावं लागत नाही. समजा, आवारातल्या पर्जन्यवृक्षावर घरटं आहे, काड्यांबरोबर दोन-चार तारा आणि एखादा मोडका हँगर गुंफलेलं. ठिपकेदार कोकिळा शेजारच्या फांदीवर येते. घरट्याजवळचा कावळा एक लांब घोगरी हाक देतो, मग तीन तुटक. पाण्याच्या टाकीवरून दुसरा कावळा उडून येतो. कचऱ्याच्या डब्यावरचा तिसरा मात्र बोंबलाचं डोकं ओढत राहतो, मानही वळवत नाही.

नवीन मुलांच्या वहीत याची नोंद अशी येते: ‘कोकिळेला बघून कावळा चिडला, मदतीला बोलावलं.’ चिडला हे तुम्हाला कसं कळलं? बोलावलं हे कसं कळलं? दुसरा कावळा हाकेमुळे आला की त्यालाही कोकिळा दिसली म्हणून आला? नोंद अशी हवी: वेळ, कोण, कुठे, किती अंतरावर, कसला आवाज, त्यानंतर कोणी काय केलं. आणि तो तिसरा कावळा हवाच. नवशिक्यांच्या वहीत तो हमखास गायब असतो, कारण डोळा जो गोंगाट करतो त्याच्याकडेच जातो. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला, तो अजून प्रत्येकाला वाचायला लावतात. आधी एकच प्राणी निवडायचा, ठरलेला वेळ त्याच्यावरच नजर ठेवायची, तो काही करो वा न करो. किंवा ठरावीक अंतरानं सगळ्या थव्यावर नजर फिरवून कोण काय करतंय तेवढं टिपायचं. कंटाळवाणं आहे. पण याशिवाय जमवलेल्या नोंदी म्हणजे गप्पा.

लॉइड मॉर्गन यांचा १८९४ सालचा नियमही इथेच शिकून घ्या: साध्या मानसिक क्षमतेनं वागणं समजावता येत असेल तर वरच्या पायरीची क्षमता गृहीत धरू नये. हा नियम अती ताणला की प्राणी म्हणजे यंत्र असं वाटायला लागतं, आणि माझ्या मते मधल्या काळात तसं झालंही. तरी पहिली दोन वर्षं तो कडकपणे पाळलेला बरा.

कुत्र्यांवर काम करायची इच्छा मुंबईत फार जणांना असते, साहजिकच आहे. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत भटक्या कुत्र्यांवर बरीच वर्षं काम करताहेत. अनोळखी माणसानं बोटानं दाखवलेल्या भांड्याकडे रस्त्यावरचं कुत्रं जातं का, असले त्यांचे प्रयोग आहेत, आणि अनेक कुत्री खरंच जातात. हा प्रयोग गल्लीत करून बघायला सोपा वाटतो. वाटतो तेवढा नाही. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं तेव्हा दिसलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर हान्सचं गणित चुकतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा तेवढं बघून थांबायचा. फुंग्स्ट यांचं पुस्तक १९०७ सालचं आहे आणि सापळा आजही तोच आहे. कोणत्या भांड्यात बिस्किट आहे हे बोट दाखवणाऱ्याला माहीत असतं, बाजूला उभ्या मित्राला माहीत असतं, आणि वॉचमन काकांना तर कुत्र्याचा स्वभावच माहीत असतो. ते ‘जा रे मोत्या’ म्हणाले की संपलं.

चांगला प्रयोग रचायला पैसे लागतात असं नाही, डोकं लागतं. माझं आवडतं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. हा पक्षी मातीत बीळ करून घरटं घालतो. बिळाजवळ माणूस उभा असला की तो आत जायला कचरतो, कारण घरट्याचा पत्ता फुटतो. मग माणसाला साधारण तेवढ्याच अंतरावर, पण जिथून बीळ दिसणार नाही अशा जागी उभं केलं. पक्षी जास्त सहज आत गेला. म्हणजे माणूस जवळ आहे एवढंच तो बघत नव्हता, त्या जागेवरून माणसाला काय दिसतं याचाही त्याच्या वागण्यावर परिणाम होत होता. यात यंत्रसामग्री किती? उभा राहणारा माणूस, दुर्बीण, घड्याळ. प्रयोग कसा रचायचा असं कोणी विचारलं की मी हाच सांगते.

आवाजाकडे वळायचं असेल तर मुंबईनं तुम्हाला एक त्रास आणि एक विषय फुकट दिलाय: गोंगाट. रहदारीचा आवाज मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. हान्स स्लाबेकूर्न आणि मारग्रीट पीट यांनी २००३ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात दाखवलं, की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी गाण्यातले खालचे सूर वर उचलून गातात. आपल्याकडे दयाळ हा असल्या कामाला चांगला पक्षी. मार्चपासून पहाटे गच्चीच्या अँटेनावर बसून गातो, नकलाही करतो. गजबजलेल्या पार्ल्यातला दयाळ आणि आरेच्या झाडीतला दयाळ पहाटे पाचला आणि सकाळी नऊला रेकॉर्ड करून ठेवलात तरी एका सेमिस्टरचा ऐवज झाला. पण निष्कर्ष काढताना जपून. गोंगाटात गाण्याचा खालचा भाग स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, दिसेनासा होतो, आणि पक्ष्यानं सूर वर नेला असं आपल्याला वाटतं. सूर तिथेच असतो, बसगाडीखाली गाडला गेलेला.

रेकॉर्डिंग मोबाईलवर सुरू केलं तरी चालेल, फक्त आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि ‘नॉइज’ काढणारी सोय बंद करा, फाईल वेव्ह (.wav) प्रकारात ठेवा. मार्गदर्शकांना ती व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका. तिथे आवाज दाबला जातो आणि मोजमापाला काही अर्थ उरत नाही. प्राट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, भाषाशास्त्राचे विद्यार्थी माणसांच्या स्वरांसाठी वापरतात, पक्ष्यांसाठीही चालतं. व्हिडिओतलं वर्तन नोंदवायला बोरिस नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. एकच व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायचा आणि किती जुळतं ते आकड्यात काढायचं, ही सवय पहिल्या प्रोजेक्टपासून लावा.

प्लेबॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज प्राण्यांना ऐकवण्याचा प्रयोग, करणार असाल तर आणखी एक. शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची एकच फाईल वीस कावळ्यांना ऐकवली म्हणजे वीस पुरावे होत नाहीत. कावळे शिक्र्याला घाबरतात की त्या एका रेकॉर्डिंगमधल्या खरखरीला, हे सांगता येत नाही. वेगवेगळ्या शिक्र्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग लागतात. डोनाल्ड क्रूड्समा यांनी १९८९ साली पक्ष्यांच्या गाण्यावरच्या प्रयोगांबद्दल हाच आक्षेप घेतला होता, आणि त्यावर बराच वाद झाला. आणि विणीच्या हंगामात घरट्याजवळ मोठ्यानं काही वाजवत बसू नये, हे वेगळं सांगायला नको.

भाषेच्या उगमाचं काय? त्यासाठीच तर आलो होतो, असं चॉम्स्कीवाले म्हणतात. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं १८६६ साली आपल्या नियमावलीत या विषयावरचे निबंध स्वीकारणारच नाही असं लिहून ठेवलं होतं. बोललेल्या शब्दाचं जीवाश्म होत नाही, तेव्हा वैतागण्यासारखं होतंच. आज परिस्थिती बरी आहे, कारण ‘भाषा’ हा एकच गठ्ठा न धरता तिचे भाग वेगळे तपासतात. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली भाषेच्या तेरा वैशिष्ट्यांची यादी केली, ती सुरुवातीला उपयोगी पडते. चिंपांझींना खुणांची भाषा शिकवण्याचे प्रयोग मात्र वाचताना हान्स घोडा विसरू नका. निम नावाच्या चिंपांझीवर काम करणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांनी स्वतःच्याच चित्रफिती पुन्हा तपासल्या आणि १९७९ साली जाहीर केलं, की निम बऱ्याचदा शिक्षकांनी नुकत्याच केलेल्या खुणाच परत करत होता. याउलट तोशिताका सुझुकी यांचं २०१६ सालचं जपानी टिट या पक्ष्यांवरचं काम बघा. एक हाक ‘आजूबाजूला बघा’ अशा अर्थाची, दुसरी ‘जवळ या’ अशा अर्थाची. दोन्ही ठरलेल्या क्रमानं ऐकवल्या तर पक्षी जवळही येतात आणि आजूबाजूलाही बघतात. क्रम उलटा केला की तसं फारसं वागत नाहीत. पुन्हा तेच: पुरावा ऐकणाऱ्याकडे.

बातम्याही अशाच तपासायच्या. २०२४ साली ‘हत्ती एकमेकांना नावानं हाक मारतात’ असं सगळीकडे छापून आलं. मूळ शोधनिबंधात संगणकानं हाक कोणासाठी आहे हे २७.५ टक्के वेळा बरोबर ओळखलं होतं. नुसत्या योगायोगानं येईल त्यापेक्षा हे बरंच जास्त, पण मथळ्यातून डोळ्यांसमोर येतं त्याहून पुष्कळच कमी. खरं वजन दुसऱ्या भागाला होतं. १७ हत्तींना रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा इतरांना दिलेल्या हाकेपेक्षा स्वतःला उद्देशून दिलेल्या हाकेला त्यांनी जास्त ठळक प्रतिसाद दिला.

शिक्षणाचा रस्ता सरळ नाही. या नावाची पदवी आपल्याकडे जवळपास मिळतच नाही. प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, अगदी इंजिनीअरिंगमधूनही लोक येतात. मुंबई विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग कलिन्यात आहे. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासून आहे, सध्याचा पत्ता फोर्टातलं हॉर्नबिल हाऊस. तिथल्या लोकांबरोबर पक्षी बघायला जाणं हे मी कुठल्याही ऑनलाईन कोर्सच्या वर ठेवीन. पुढे बहुधा मुंबई सोडावी लागते: बंगळुरूच्या एनसीबीएस, आयआयएस्सी आणि एनआयएएस या संशोधन संस्था, वेगवेगळ्या शहरांतल्या आयसर, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बोधनशास्त्रासाठी (कॉग्निटिव्ह सायन्ससाठी) गांधीनगरची आयआयटी. एनआयएएसच्या अनिंद्य सिन्हा यांच्या गटानं बंडीपूरच्या माकडांवर केलेलं काम आवर्जून वाचा. खाणं हातात असलेल्या माणसापुढे ही माकडं हात पसरतात आणि ‘कू’ असा आवाज काढतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेहमी जाणाऱ्याला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

घरी ‘कावळे बघून पोट भरतं का’ हा प्रश्न येणार. उत्तर तयार ठेवा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ च्या वाढीनंतर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं. प्रकल्प सहायकाला बहुतेक ठिकाणी याहून कमी, आणि प्रकल्प संपला की नोकरी संपली. ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवून घेणारेही भेटतात. आठवडाभराचं समजू शकते, वर्षभर करू नका. आकडेवारीसाठी आर (R) ही संगणकभाषा शिकून ठेवलीत तर निदान पोटाची चिंता कमी होते, ते इतर क्षेत्रांतही चालतं. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप बीएस्सीच्या मुलांनाही मिळते, पण अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायचा असतो. मुलं एप्रिलमध्ये जागी होतात.

परवानग्यांचं शेवटी लिहिते कारण त्या शेवटी आठवतात, खरं तर पहिल्या घ्यायच्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला तिकीट पुरतं, संशोधनाला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. माकडांना खायला घालून ‘प्रयोग’ करणं तर अजिबात नको. पोपट पाळून त्याला बोलायला शिकवायचा विचार असेल तर तोही सोडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपले देशी पोपट पाळता येत नाहीत. सोसायटीतले कावळे नुसते बघायला मात्र कोणाची सही लागत नाही. फक्त दुर्बीण समोरच्या खिडक्यांकडे वळणार नाही अशी जागा धरून बसा आणि सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.