गाडीत स्पीकर कुठे बसवावेत? गाणारा समोर दिसायला हवा असेल तर

गाडीतला आवाज सुधारायचा म्हटलं की बहुतेकजण दुकानात जाऊन कंपनी आणि वॉट विचारतात. स्पीकर कुठे बसणार, त्याचं तोंड कुणीकडे असणार, हा प्रश्न शेवटी येतो. तोवर दरवाज्याचं पॅड उतरलेलंही असतं. हा क्रम उलटा करा. मध्यम किमतीचा स्पीकर योग्य जागी घट्ट बसला, तर भलत्या जागी बसलेल्या महागड्या स्पीकरपेक्षा हमखास चांगला वाजतो. इथे आपल्या रस्त्यांवरची नेहमीची, उजवीकडे स्टीयरिंग असलेली हॅचबॅक समोर धरली आहे. सेडान असेल तर डिकीपुरता फरक पडेल.

आधी ऐका, मग टेप घ्या

गाडी शांत जागी उभी करा, इंजिन बंद, काचा वर. बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाचं प्रमाण) मधोमध आणि फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचं प्रमाण) पूर्ण पुढे करा. मग नीट रेकॉर्ड झालेला एखादा अभंग लावा. या कामाला अभंगासारखं दुसरं काही नाही, कारण मध्ये गाणारा गळा, खाली डग्ग्याचा घुमारा आणि वर टाळांची किणकिण, असे तिन्ही थर एकाच वेळी ऐकायला मिळतात. डोळे मिटा आणि बोटाने दाखवा: गाणारा कुठे बसला आहे? बहुतेक गाड्यांत बोट उजव्या गुडघ्याकडे जातं.

आता टेप घेऊन डोक्यापासून दोन्ही पुढच्या दरवाज्यांतल्या स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. समजा उजवा स्पीकर ९० सेंटीमीटरवर आणि डावा १३० सेंटीमीटरवर निघाला. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. तुमच्या उजव्या स्पीकरचा आवाज साधारण १.२ मिलिसेकंद आधी पोचतो. ऐकायला हा आकडा नगण्य वाटतो, पण आपल्या कानांना तो पुरतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर मेंदू दोन्ही मिळून एकच आवाज धरतो आणि दिशा मात्र आधी पोचलेल्याची मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मधल्या प्रबंधात याचाच अभ्यास मांडला होता.

यातून जागा निवडण्याचा नियम मिळतो. डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या अंतरातली तफावत जितकी कमी, तितका गाणारा मध्यभागी सरकतो. स्पीकर तुमच्यापासून जितका पुढे, तितकी ही तफावत कमी होते. म्हणून दरवाज्याच्या मधल्या भागापेक्षा पुढचा खालचा कोपरा बरा.

वूफर: पुढचा दरवाजा, आणि तो बंदिस्त हवा

वूफर म्हणजे खालचे आणि मधले सूर वाजवणारा मोठा स्पीकर. खर्चाचा मोठा वाटा इथे जाऊ द्या. गळ्याचा बहुतेक भाग आणि डग्ग्याचा वरचा भाग पुढच्या दरवाज्यातून येतो. बहुतेक गाड्यांत कंपनीने दिलेली जागा आधीच पुढच्या खालच्या कोपऱ्यात असते. ती सोडून नवीन भोक पाडायची गरज क्वचितच पडते.

पॅड काढल्यावर पहिलं काम म्हणजे काच पूर्ण खाली करणं. काच खाली असताना स्पीकरच्या जागेच्या पत्र्यापासून काचेपर्यंत किती खोली उरते ते मोजा आणि स्पीकरच्या मागच्या लोहचुंबकाची खोली त्याच्याशी ताडून बघा. खोली कमी पडली तर मध्ये रिंग घालून स्पीकर बाहेर आणता येतो, पण मग पुढच्या बाजूने तो पॅडच्या जाळीला टेकणार नाही ना, हेही पाहावं लागतं. रिंग एमडीएफची नको. दरवाज्यात पाणी येतं आणि एमडीएफ एका पावसाळ्यात फुगतो. प्लॅस्टिकची रिंग घ्या किंवा सगळ्या कडांना रंग मारलेला मरीन प्लाय. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी घाला, आणि रिंगेपासून पॅडच्या जाळीपर्यंतही फोमचं कडं करा, म्हणजे आवाज पॅडच्या आत न शिरता थेट बाहेर येतो.

पॅडमागच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी छिद्रं असतात. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो. मागची ही उलटी लाट छिद्रांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खोडून काढते. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातो तो डग्गा. म्हणून छिद्रं बंद करणं हा स्पीकर बदलण्याइतकाच मोठा बदल आहे. मोठ्या छिद्रांवर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने बसवा, म्हणजे पुढे काचेची मोटर दुरुस्त करायची झाली तर तो काढता येईल. त्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट शीट) लावा. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोबर मागे, हातभर लांबीरुंदीचा तुकडा चिकटवा. अख्खा दरवाजा मढवायची गरज नाही. शीट ब्यूटाइल रबराची घ्या. डांबराची स्वस्त शीट नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात मऊ पडते आणि गाडीभर वास सुटतो.

दोन गोष्टी मात्र जपा. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून पाणी आत येणार आणि खालून जाणार, हे गृहीत धरूनच दरवाजा बनवलेला असतो. शीट लावताना ती भोकं बुजली तर पाणी साचून पत्रा आतून गंजतो. दुसरं म्हणजे आतल्या पत्र्यावरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. घाईत काम करणारे कारागीर तो फाडून टाकतात, आणि कोकणातल्या पहिल्या जोरदार पावसात पायाखालचं कारपेट भिजतं. तो सांभाळून काढा आणि जसाच्या तसा चिकटवा, किंवा त्याच्या जागी पत्रा पूर्ण झाकणारी शीट लावा.

ट्वीटर: आधी तात्पुरता चिकटवा

साडेसहा इंची वूफर साधारण २ किलोहर्ट्झच्या वर आवाज सरळ रेषेत फेकू लागतो. दरवाज्याच्या तळाशी बसलेला असेल तर तो वरचा आवाज तुमच्या नडगीवर आपटतो, कानापर्यंत पोचत नाही. टाळ वाजताहेत हे कळतं, पण ते पायांत वाजतात. म्हणून पुढच्या दरवाज्यांसाठी सगळे सूर एकाच सांगाड्यातून देणारा स्पीकर घेण्यापेक्षा वेगळा ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असलेला कंपोनंट सेट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्वीटरला तीन जागा शक्य असतात: आरशामागचा प्लॅस्टिकचा त्रिकोण, डॅशबोर्डचे दोन कोपरे आणि पुढच्या काचेशेजारचा ए-पिलर. त्रिकोणाची जागा वूफरला त्यातल्या त्यात जवळ पडते, वायर दरवाज्यातच राहते आणि बिघडलं तर प्लॅस्टिकचा एक तुकडा बदलून भागतं. डॅशबोर्डच्या कोपऱ्यातून गाणारा पुढे आणि उंचावर जातो, पण काचेवरून परावर्तन होतं आणि काही गाड्यांत टाळ कर्कश होतात. ए-पिलरच्या बाबतीत मी ठाम आहे. गाडीला कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर तिथे भोक पाडायचं नाही, स्क्रू लावायचा नाही, काही चिकटवायचं नाही. एअरबॅग त्या आवरणामागूनच उघडते. डॅशबोर्डवर डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावरही तेच.

निर्णय कानांनी घ्यायचा आहे, म्हणून ट्वीटर आधी डबल टेपने लावा. वायर लांब ठेवा. स्पीकरसोबतचा क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारा भाग) मात्र चाचणीतही जोडलेलाच हवा. नुसता ट्वीटर सरळ वायरला लावला तर डग्ग्याच्या पहिल्याच ठोक्याला त्याची कॉइल जळू शकते. सुरुवातीला दोन्ही ट्वीटरची तोंडं दोन सीटच्या हेडरेस्टच्या मधल्या जागेकडे ठेवा. तोच अभंग पुन्हा लावा. टाळ बोचत असतील तर तोंड थोडं वर किंवा पुढच्या काचेकडे वळवा. उजवा ट्वीटरच तेवढा ऐकू येत असेल तर त्याचं तोंड डाव्या सीटकडे आणखी वळवा. असं काही दिवस चालवा: रिकाम्या रस्त्यावर, गर्दीत, काच उघडी ठेवून. मगच भोक पाडा.

मागचे स्पीकर

आपल्याकडे पार्सल ट्रेवर (मागच्या सीटमागच्या फळीवर) सहा-बाय-नऊचे अंडाकृती स्पीकर लावायची फार जुनी सवय आहे. त्यांचा आवाज मोठा येतो हे खरं, पण तो पाठीमागून येतो आणि पुढे जमवून आणलेला गाणारा मागच्या सीटवर जाऊन बसतो. हॅचबॅकमध्ये याहून गंभीर गोष्ट अशी की तिथला ट्रे नुसता अडकवलेला असतो. जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली, तर लोहचुंबकासकट तो ट्रे मागे बसलेल्या माणसांच्या डोक्याकडे येतो. मागे मुलं बसत असतील तर हा धोका पत्करू नका. मागच्या दरवाज्यात कंपनीच्या जागी साधे स्पीकर लावा आणि फेडर असा ठेवा की मागच्यांना ऐकू येईल, पण चालकाला आवाज मागून आल्यासारखा वाटणार नाही.

सबवूफर

८० हर्ट्झच्या आवाजाची लांबी सुमारे ४.३ मीटर असते, म्हणजे बऱ्याच हॅचबॅकपेक्षा जास्त. इतक्या खोल आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. म्हणून सबवूफर (फक्त सगळ्यात खोल सूर वाजवणारा स्पीकर) डिकीत असला तरी चालतो, फक्त त्याला ८० हर्ट्झच्या खालचंच काम द्या आणि पुढच्या वूफरला त्याच्या वरचं. हॅचबॅकमध्ये पेटी डिकीत ठेवून तोंड मागच्या दाराकडे करून बघा, मग सीटकडे. जिथे डग्गा भरीव वाटतो ती जागा धरा. सेडानमध्ये मागच्या सीटआडचा पत्रा आवाज अडवतो, त्यामुळे सीटच्या पाठीत दुमडणारी खिडकी असेल तर तिथून वाट द्या. पेटी पट्ट्याने किंवा क्लॅम्पने पक्की बांधा. जमिनीत स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप तिथूनच जातात.

सीएनजी गाडी असेल तर डिकी सिलिंडरने अडवलेली असते. सिलिंडरच्या आसपास ड्रिल चालवू नका आणि गॅसच्या पाइपला वायरी बांधू नका. अशा गाडीत सीटखालचा चपटा, ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) आतच असलेला सबवूफर घ्यावा. सीट पूर्ण मागेपुढे सरकवून बघा, आणि मागच्यांसाठीचा एसीचा मार्ग सीटखालून जात असेल तर तो झाकू नका. जागा ठरल्यावर सबवूफरचा फेज (पडद्याची हालचाल उलटवणारी कळ) ० आणि १८० अंशांवर फिरवून ऐका. ज्या बाजूला डग्गा जास्त भरलेला आणि समोरून आल्यासारखा वाटतो, ती बरोबर.

वायरी

मूळ हार्नेस (कंपनीने दिलेला वायरींचा जुडगा) कापू नका, गाडीच्या मॉडेलचे कपलर (न कापता जोडायचे प्लग) मिळतात. ॲम्प लावणार असाल तर बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत मुख्य वायरला फ्यूज हवाच. ती वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागते. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने न्या आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शिट्टी ऐकू येते. दरवाज्यात वायर नेताना ती रबरी नळीतूनच गेली पाहिजे.

पॅड बंद करण्याआधी वूफरची दिशा तपासा. स्टिरिओकडची वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: अधिकला अधिक जोडल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे. एका बाजूचा बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा आत जात असेल तर डग्गा गायब होतो आणि गाणारा कुठेच सापडत नाही. डॅम्पिंगवर हजारो रुपये घालवूनही आवाज पोकळ असेल, तर आधी हेच बघा.

शेवटची दुरुस्ती: वेळ

सगळं बसल्यावर टेप पुन्हा काढा. स्टिरिओत टाइम अलाइनमेंटची सोय असेल तर जवळच्या स्पीकरला विलंब द्यायचा असतो. ४० सेंटीमीटरचा फरक असेल तर उजव्या स्पीकरला १.२ मिलिसेकंद. काही स्टिरिओ थेट अंतरच विचारतात, तिथे मोजलेलं अंतर भरा. प्रत्येक ट्वीटर, वूफर आणि सबवूफर वेगळा मोजा. मग अभंग लावून थोडं थोडं कमीजास्त करा, गळा स्टीयरिंगच्या डावीकडे, डॅशबोर्डच्या मध्यावर उभा राहीपर्यंत.

ही जुळणी चालकाच्या कानापुरतीच असते. डाव्या सीटवर बसणाऱ्याला आता गाणारा आणखीच आपल्या दाराकडे गेलेला वाटेल. म्हणून दुसऱ्या प्रीसेटमध्ये सगळे विलंब शून्यावर ठेवा आणि कुणी सोबत असेल तेव्हा तो लावा.