स्टार्टर उघडण्याआधी लाइन खरंच बंद आहे का, हे कसं तपासाल?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये लेथचा स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा डबा, उघडायचा असेल, तर पान्याआधी कुलूप लागतं. मेन स्विच बंद करा, हँडलला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. शेडमध्ये दोन्हीकडची पोरं असतात. जनरेटर असेल तर त्याचा चेंजओव्हर, म्हणजे लाइन की जनरेटर हे बदलणारा स्विच, ऑफवर.

अडतं ते पुढे. टेस्टर लावला, दिवा लागला नाही की लोक स्क्रूला हात घालतात. मीही घालायचो. एका पावसाळ्यात तसंच केलं आणि हात कोपरापर्यंत बधिर झाला. नंतर मेन स्विच उघडून पाहिला. तीनपैकी एक पातं जळून कॉन्टॅक्टला चिकटलं होतं, हँडलशी जोडणारा तुकडा तुटला होता. हँडल खाली, तरी एक फेज चालू! टेस्टरचा दिवा तुमच्या अंगातून जमिनीत जाणाऱ्या किंचित करंटवर पेटतो. पायात रबरी चप्पल, दारातून भरपूर उजेड. मग तो दिसणार कसा? मोटरच्या कामाला टेस्टर वापरूच नका.

मल्टिमीटर घ्या, एसीवर, ६०० व्होल्टच्या रेंजला. आधी चालू सॉकेटवर लावा. २३०च्या आसपास दाखवला पाहिजे. मग स्टार्टरवर: तिन्ही फेज एकमेकांत, प्रत्येक फेज न्यूट्रलशी, प्रत्येक फेज अर्थिंगशी. नऊ वेळा. कंटाळा करू नका, माझा चिकटलेला फेज एकच होता. शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. हे तिसरं पाऊल सगळे गाळतात. मधेच मीटरची वायर आतून तुटली, तर चालू लाइनवरही शून्यच दिसतं.

पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर तो लाइन बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो. पाच मिनिटं थांबा, डीसीवरही मोजा.

‘एमसीबी आहे, शॉक लागत नाही’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो. माणसातून जाणारा करंट त्याला कळत नाही. हँड ग्राइंडर, ड्रिलच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, हवाच. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

कोणी करंटला चिकटलाच तर त्याला धरू नका, आधी मेन बंद.

काम संपलं की झाकणं लावा, सगळे बाजूला झालेत ते बघा. कुलूप ज्याने घातलं त्यानेच काढायचं. तो जेवायला गेला असेल तर लेथ थांबू दे.