रिॲक्शन आली? आधी घड्याळ बघा, मग औषध

पावसाळा सरता सरता जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटांवर गाजर गवत कंबरेला लागतं. एकाच घरातले दोघं त्यातून येजा करतात. एकाला पाच-दहा मिनिटांत शिंकांची माळ लागते, डोळ्यांतून पाणी वाहतं. दुसऱ्याला त्या दिवशी काहीच होत नाही. दोन दिवसांनी मात्र त्याच्या पापण्या, मान, कोपराची खोबण खाजायला लागते आणि हळूहळू तिथली कातडी जाड, खरबरीत होते. दोघंही म्हणतात, "गाजर गवताची ॲलर्जी आहे." दोघंही मेडिकलमधून एकच खाजेची गोळी आणतात. पहिल्याला गुण येतो, दुसऱ्याला नुसती झोप येते.

गवत एकच, पण अंगात घडणाऱ्या गोष्टी दोन. पहिल्याच्या नाकात परागकण गेले आणि तिथे टपून बसलेल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन ओतलं. दुसऱ्याच्या कातडीला पार्थेनिन हे गवतातलं रसायन लागलं आणि टी पेशी, म्हणजे परका पदार्थ ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, दोन दिवस जमवाजमव करून कामाला लागल्या. खाजेची गोळी हिस्टामिन अडवते. दुसऱ्याच्या रिॲक्शनमध्ये हिस्टामिनचा वाटाच किरकोळ, मग गोळी अडवणार काय?

जेल आणि कूम्ब्स या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये अशा अतिसंवेदनशील प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. आज ही वाटणी थोडी ढोबळ वाटते, पण खाटेजवळ उभं राहिल्यावर अजूनही तीच कामाला येते. प्रकार ओळखायचा तर पहिला प्रश्न "कशाची ॲलर्जी?" हा नसून "किती वेळाने?" हा असतो. संपर्काची वेळ आणि पहिल्या लक्षणाची वेळ, दोन्ही कागदावर लिहा. अंतर मिनिटांचं असेल तर पहिला प्रकार. काही तासांनी ताप आणि धाप, किंवा आठवडा-दोन आठवड्यांनी ताप आणि सांधेदुखी आली तर तिसरा. एक ते तीन दिवसांनी कातडीवर उठलं तर चौथा. दुसरा प्रकार घड्याळाने पकडता येत नाही. तो रक्तात किंवा एखाद्या अवयवात शोधावा लागतो.

मिनिटांत येणारी

ही पहिल्या भेटीत येत नाही. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख करून घेतं: टी-एच-टू नावाच्या टी पेशी इंटरल्यूकिन-4 हा निरोप सोडतात, बी पेशी आयजीई नावाचं प्रतिद्रव्य बनवायला लागतात आणि ती आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तोच पदार्थ आला की शेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो आणि पेशी फुटल्यासारखी रिकामी होते. हिस्टामिन लगेच बाहेर पडतं. ल्युकोट्रिन मागून तयार होतात आणि श्वासनलिका आवळून धरतात. चार ते आठ तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची दुसरी लाट येऊ शकते. म्हणून एकदा उतरलेली रिॲक्शन संपलीच असं धरून लगेच घरी पाठवू नये.

सोलापुरात या प्रकाराचं नाव घेतलं की शेंगांचा विषय निघायलाच हवा. शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असलेल्याला "भाजलंय, काही होत नाही" म्हणून शेंगाची चटणी देणं ही घोडचूक. कोरड्या भाजणीने शेंगदाण्यातली प्रथिनं मरत नाहीत, उलट आयजीईला जास्त घट्ट चिकटतात. तेलाचंही तसंच. रिफाइंड तेलातून प्रथिनं जवळजवळ निघून जातात, लाकडी घाण्याच्या तेलात ती राहू शकतात. एरवी घाण्याचं तेल चांगलं असेल, पण या माणसासाठी नाही.

अंगावर नुसतं पित्त उठलं असेल तर गोळीवर भागतं. पित्ताबरोबर धाप, घशात घरघर, उलट्या किंवा चक्कर यांतलं काही असेल तर ती ॲनाफिलॅक्सिस, आणि तिथे पहिलं औषध ॲड्रिनलिन. बहुतेक चुका इथेच होतात. आधी एव्हिल हे हिस्टामिन अडवणारं इंजेक्शन, मग हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड, मग सलाईन, आणि ॲड्रिनलिन "बीपी वाढेल" या भीतीने सगळ्यांत शेवटी. एव्हिल सुजलेला घसा उघडत नाही, स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. एक मिलिच्या अँप्यूलमध्ये एक मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिलि, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 0.3 मिलि, त्याहून लहानाला 0.15 मिलि. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. दंडात नको आणि कातडीखाली नको, तिथून ते हळू शोषलं जातं. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर पुन्हा तेवढंच. पेशंटला आडवं करून पाय वर ठेवा. धाप फार असेल तर टेकून बसवा, पण उभं करून चालवत रिक्षापर्यंत नेऊ नका. पसरलेल्या रक्तवाहिन्यांमुळे हृदयाकडे आधीच रक्त कमी येत असतं आणि उभं राहताच ते आणखी घटतं. 108 ला फोन दुसऱ्या कुणाला करायला सांगा.

प्रिक टेस्ट या प्रकाराचीच. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूवर संशयित पदार्थांचे थेंब दोन-दोन सेंटिमीटर अंतराने, सुईने हलकं टोचायचं, पंधरा ते वीस मिनिटांनी गांधी मोजायची. नुसत्या द्रावणाच्या थेंबापेक्षा ती तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर पॉझिटिव्ह. खाजेची गोळी साधारण आठवडाभर आधी बंद हवी, नाहीतर तुलनेसाठी टोचलेला हिस्टामिनचा थेंबही उठणार नाही आणि अख्खी टेस्ट वाया जाईल. हिस्टामिनच उठलं नसताना "कशाचीच ॲलर्जी नाही" असा रिपोर्ट हातात पडला तर तो परत करावा.

पेशीच लक्ष्य

दुसऱ्या प्रकारात आयजीजी किंवा आयजीएम ही प्रतिद्रव्यं थेट पेशीच्या भिंतीवर बसतात. मग कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची साखळी, त्या पेशीला भोक पाडतं, नाहीतर प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात. चुकीच्या गटाचं रक्त चढणं हे याचं ठळक उदाहरण. ए-बी-ओ गटांविरुद्धची प्रतिद्रव्यं लहानपणापासूनच रक्तात असतात, त्यामुळे इथे पहिल्या भेटीची गरज नाही आणि पहिल्या काही मिलिलिटरमध्येच थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल होते. सुरुवातीची पंधरा मिनिटं पिशवी सावकाश सोडून शेजारी थांबायचं ते यासाठी. लक्षण दिसताच पिशवी बंद, सेट बदलून सलाईन सुरू, लेबल आणि पेशंटचं नाव पुन्हा पडताळायचं, आणि पिशवी फेकायची नाही. ताज्या नमुन्यासोबत ती रक्तपेढीत परत जायला हवी.

आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर धोका बहुधा दुसऱ्या बाळंतपणात असतो, कारण नाळेतून पलीकडे जाणारी आयजीजी तोवर तयार झालेली असते. म्हणून 28 व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांत 300 मायक्रोग्रॅम अँटी-डी इंजेक्शन. गर्भपातानंतरही ते लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

कधीकधी प्रतिद्रव्य पेशीला मारत नाही, नुसतं तिचं बटण दाबून धरतं किंवा अडवून ठेवतं. थायरॉइड भडकवणारा ग्रेव्हज आणि स्नायू थकवणारा मायस्थेनिया हे त्यातले.

गाळात अडकणारी

तिसऱ्या प्रकारात प्रतिद्रव्य आणि परका पदार्थ रक्तातच जोडी जमवतात. मोठ्या जोड्या भक्षक पेशी उचलून नेतात. मधल्या आणि लहान आकाराच्या मात्र मूत्रपिंडाच्या गाळणीत, सांध्यांत, बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात. तिथे कॉम्प्लिमेंट पेटतं, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि आपलीच भिंत जाळतात. कॉम्प्लिमेंट खर्ची पडत असल्यामुळे रक्तात सी-थ्री हा त्याचा घटक कमी सापडतो. मुलाच्या अंगावर पिकलेले फोड येऊन गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी सकाळी डोळे सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर बीपी मोजा आणि सी-थ्री मागवा. घसा दुखून गेला असेल तर हेच एक ते तीन आठवड्यांत येतं.

जिल्ह्यात ऊस तोडताना, कडबा काढताना सर्पदंश होतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. ती देताना लगेच येणारी रिॲक्शन बरेचदा आयजीईची नसते, कॉम्प्लिमेंट थेट पेटल्याने येते. त्यामुळे आधी कातडीवर टेस्ट डोस देऊन काहीच कळत नाही, फक्त वेळ जातो. त्यापेक्षा ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवा आणि लस सुरू करा. पेशंट बरा होऊन घरी गेल्यावर, एक ते दोन आठवड्यांत, ताप, पित्त, गुडघे-मनगटं दुखणं आणि गाठी सुजणं असं सगळं एकदम आलं तर तो सीरम सिकनेस. घरचे म्हणतात "विष परत चढलं". विष नाही, घोड्याच्या प्रथिनांशी जमलेल्या जोड्या आहेत. डिस्चार्ज देतानाच हे सांगून ठेवलं तर माणूस मांत्रिकाकडे न जाता परत येतो.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात बगॅस, म्हणजे ऊस पिळून उरलेला भुसा, हाही विसरून चालत नाही. ताज्या ओल्या भुश्शाने काही होत नाही. साठवून बुरशी धरलेला सुका भुसा उपसला की त्यातले सूक्ष्मजंतू फुप्फुसात खोल जातात आणि चार ते आठ तासांनी, म्हणजे पाळी संपवून घरी आल्यावर, ताप, खोकला, धाप सुरू होते. छातीत शिट्टी नसते, त्यामुळे दम्याचा पंप देऊन फारसा उपयोग नाही. फ्लू म्हणून सोडलं जातं किंवा टीबीचं औषध चालू होतं. भारतात 1955 मध्ये कोलकात्याजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातले असे कामगार पहिल्यांदा नोंदले गेले. यात तिसरा आणि चौथा, दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. कप्पे शाळेच्या फळ्यावर असतात, फुप्फुसात नाही. भुश्शाचा ओलावा 20 टक्क्यांच्या वर ठेवणं आणि त्यावर दोन टक्के प्रोपियॉनिक ॲसिड फवारणं हा जुना, चालणारा उपाय.

सूतगिरणीतल्या कामगाराची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते आणि आठवडाभरात सैलावते, तो बिसिनोसिस. तो यांतल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, कारण मुख्य त्रास कापसाच्या धुळीतल्या जंतूंच्या विषारी अंशाचा असतो. टॉवेल-चादरी रंगवणाऱ्याला रिॲक्टिव्ह रंगाची पूड हुंगून दमा लागला तर तो मात्र आयजीईचा, पहिल्या प्रकारातला असू शकतो.

दोन दिवसांनी उठणारी

चौथ्या प्रकारात प्रतिद्रव्य नाहीच. निकेल, क्रोमेट, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे इतके लहान रेणू की ते एकटे कुणाच्या नजरेत येत नाहीत. ते कातडीतल्या प्रथिनाला चिकटले की मग टी पेशी ओळखतात. म्हणून खोट्या दागिन्यांखाली, गवंड्याच्या सिमेंटच्या हातावर, टिकलीच्या गोंदाखाली इसब उठतं, आणि तेही आज लावलं तर परवा. बिब्ब्याचं तेल थोडं वेगळं आहे. कच्चं तेल कुणालाही भाजतं, त्याला ॲलर्जी लागत नाही. पण एकदा टी पेशींना ओळख पटली की नुसता बोटाला लागलेला अंशही पुरतो.

गाजर गवत की ऊन, हा घोळ नेहमीचा. पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग बघा. उन्हाची रिॲक्शन या सावलीच्या जागा सोडते, हवेतून उडणारं गवत सोडत नाही.

पॅच टेस्ट पाठीच्या वरच्या भागावर. ठरलेल्या तीव्रतेचे पदार्थ, म्हणजे निकेल सल्फेट पाच टक्के, पीपीडी एक टक्का असे, 48 तास चिकटवून ठेवायचे आणि तोवर आंघोळ पाठ सोडून. काढल्यावर अर्ध्या तासाने एकदा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बघायचं. दुसरं वाचन टाळू नका. खरी ॲलर्जी दुसऱ्या वेळी वाढलेली दिसते, नुसती जळजळ ओसरलेली दिसते. खाजेच्या गोळीने ही टेस्ट बिघडत नाही, पोटातून चाललेल्या स्टेरॉइडने बिघडते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने पट्ट्या रात्रीतच सुटतात, हुरड्याचे दिवस बरे. कारखान्यातली रंगाची पूड किंवा बिब्बा तसाच पाठीवर लावून "घरची टेस्ट" करू नका, फोड येऊन महिनाभराची जखम होते.

टीबीची माँटू टेस्टही याच प्रकारची, म्हणून ती 48 ते 72 तासांनी वाचतात. लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा कडक भाग मोजायचा.

कुष्ठरोगाच्या विभागात काम करणाऱ्यांसाठी एक: तिथली "टाइप वन रिॲक्शन" ही इथल्या चौथ्या प्रकारची, आणि "टाइप टू" ही मुख्यतः तिसऱ्या प्रकारची धरतात. आकडे जुळवायला जाऊ नका.

एकच औषध, चार तऱ्हा

पेनिसिलिन चारही प्रकार करून दाखवतं. मिनिटांत ॲनाफिलॅक्सिस, मोठे डोस बरेच दिवस चालले तर लाल पेशींवर चिकटून रक्त फुटणं, आठवड्याने सीरम सिकनेससारखा ताप, आणि काही दिवसांनी गोवरासारखं पुरळ. त्यामुळे केसपेपरवर लाल शाईने नुसतं "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. असं लिहा: "ॲमॉक्सिसिलिन 500, तिसऱ्या डोसनंतर दहा मिनिटांत अंगभर पित्त आणि धाप, ॲड्रिनलिनने उतरलं." किंवा: "सातव्या दिवशी पुरळ, खाज कमी, तोंड-डोळे ठीक, ताप नाही." पहिल्याला ते औषध घरी परत द्यायचं नाही. दुसऱ्याचं तज्ज्ञाकडून तपासून ॲलर्जीचं लेबल काढताही येतं.

तोंडात फोड, डोळे लाल आणि कातडी दुखून सोलवटणं असं काही कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, ॲलोप्युरिनॉल किंवा सल्फाच्या औषधानंतर झालं असेल तर तेही चौथ्याच प्रकारात येतं, पण तिथे ना टेस्ट डोस, ना "थोडं देऊन बघू". औषध त्याच क्षणी बंद, पेशंट थेट मोठ्या दवाखान्यात, आणि औषधाचं नाव त्याच्या आधार कार्डाच्या मागे चिकटवून ठेवा.