परदेशात औषधे नेताय? आधी घटक तपासा

डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची गोळी दुसऱ्या देशाच्या विमानतळावर अमली पदार्थ ठरू शकते. कायदा ब्रँड पाहत नाही, घटक पाहतो. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा आणि प्रत्येक औषधाच्या घटकाचे मूळ नाव व मिलिग्रॅम लिहून काढा.

अडचणीत आणणारे घटक ठरलेले आहेत: खोकल्याच्या औषधातले कोडीन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, चिंता-निद्रानाशावरची अल्प्राझोलाम व डायझेपाम, एडीएचडीवरची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरची) मिथाइलफेनिडेट आणि ॲम्फेटामाइन. सर्दीची साधी गोळीही सुटत नाही. त्यातल्या नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेले औषध जपानमध्ये नेता येत नाही, आणि ॲम्फेटामाइनवर तिथे प्रिस्क्रिप्शन असले तरी बंदीच आहे.

यादी हाती आली की त्या देशाचे आरोग्य खाते किंवा दूतावास काय सांगतो ते पाहा. वाटेत जिथे इमिग्रेशन ओलांडून बॅग ताब्यात घ्यावी लागते, तिथलेही नियम लागू होतात. नेमके हेच राहून जाते. जपानमध्ये प्रिस्क्रिप्शनची औषधे महिन्याहून जास्त पुरतील एवढी न्यायची तर आधी परवाना काढावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या गटात) राहणाऱ्यांना तिथल्याच दुसऱ्या देशात नियंत्रित, म्हणजे कायद्याने खास निर्बंध घातलेले, औषध नेताना सरकारी शिक्क्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते 30 दिवसच चालते.

डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत घ्या. त्यात पासपोर्टवरचेच नाव, आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि एकूण गोळ्या हव्यात. दिवसाला 2 गोळ्या, मुक्काम 20 दिवस, उशिरासाठी 3 दिवस जादा, म्हणजे 46. पत्रातला आकडा आणि पिशवीतल्या गोळ्या जुळल्या पाहिजेत.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. आठवड्याच्या डबीत सुट्या केलेल्या गोळ्या कशाच्या, हे तपासणीत सिद्ध करता येत नाही. औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. 100 मिलिलिटरहून मोठी औषधाची बाटली बहुतेक ठिकाणी चालते, पण ती सुरक्षा तपासणीला स्वतःहून बाहेर काढून दाखवा. नियंत्रित औषध असेल तर कस्टम्समध्ये लाल मार्गाने, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेतून, जा. दुसऱ्याचे औषध मात्र कधीच नेऊ नका, ओळखीच्या माणसाचेही नाही.

परवानगी मिळत नसेल तर प्रवासाच्या निदान दीड-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोला. डायझेपामसारखी रोजची गोळी एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात; पर्यायी औषधावर हळूहळू जायला तेवढा वेळ हवाच.