गिट गप्प, मायग्रेशन भांडतात: मर्ज करताना या चुका टाळा

मर्ज करताना, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखा (ब्रँच) एकत्र जोडताना, गिटनं (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनानं) एकही कॉन्फ्लिक्ट दाखवला नाही म्हणून निर्धास्त होणं, ही पहिली चूक. गिट ओळी ताडून पाहतं. मायग्रेशन म्हणजे डेटाबेसमधला बदल लिहिलेली फाइल; हे बदल कोणत्या क्रमानं व्हायचे आहेत हे त्याला कळत नाही. जँगो या पायथन फ्रेमवर्कचंच घ्या. मेन ब्रँचवर शेवटचं मायग्रेशन 0014. तिथून तुम्ही एक 0015 बनवलं, सहकाऱ्यानं दुसरं. आकड्यापुढची नावं वेगळी, त्यामुळे फाइली वेगळ्या आणि गिटच्या लेखी सगळं आलबेल. पण दोन्ही 0015 एकाच 0014 वर अवलंबून असतात. मायग्रेट (मायग्रेशन लागू करणारी आज्ञा) चालवलं की जँगो अडून बसतं: 'कॉन्फ्लिक्टिंग मायग्रेशन्स डिटेक्टेड'. अलेम्बिक या दुसऱ्या मायग्रेशन साधनात हेच दुखणं 'मल्टिपल हेड्स' (अनेक टोकं) या नावानं भेटतं.

मग घाईघाईत मेकमायग्रेशन्सला (मायग्रेशन फाइल बनवणाऱ्या आज्ञेला) मर्जचा पर्याय देऊन दोन्ही टोकं जोडणारं 0016 बनवलं जातं. बदल वेगवेगळ्या टेबलांवर असतील तर हरकत नाही. पण एकानं कॉलमचं नाव बदललं असेल आणि दुसऱ्यानं त्याच कॉलमचा प्रकार, तर 0016 त्या भांडणावर नुसतं पांघरूण घालतं. दोन्ही फाइली आधी उघडून वाचा.

तुमचं 0015 अजून फक्त तुमच्याच ब्रँचवर असेल, तर मी मर्जच्या वाटेला जाणार नाही. ते नव्यानं बनवीन. इथं क्रम चुकला की तासभर गेलाच म्हणून समजा. आधी लोकल डेटाबेस 0014 वर मागे न्यायचा, मग फाइल काढायची, मग मेनवर रीबेस (आपले बदल ताज्या मेनवर पुन्हा बसवणं), मग मेकमायग्रेशन्स. फाइल आधी उडवली तर मागे जायची वाटच बंद होते, कॉलम टेबलात तसाच राहतो आणि नवं मायग्रेशन 'कॉलम आधीच आहे' म्हणत कोसळतं. (हे मी एकदा नाही, तीनदा केलंय.) आणि त्यात हातानं लिहिलेलं डेटा मायग्रेशन (रचना नव्हे, आतला डेटा बदलणारं) असेल तर फाइल काढूच नका: मेकमायग्रेशन्स ते परत लिहून देणार नाही. मागे आल्यावर तिचा क्रमांक आणि डिपेंडन्सी (ती कोणत्या मायग्रेशनवर अवलंबून आहे ते) हातानं बदला.

एकदा प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या डेटाबेसवर) चाललेली फाइल मात्र दुरुस्तीसाठीही उघडू नका. जँगो आपल्या टेबलात ॲपचं नाव, मायग्रेशनचं नाव आणि वेळ एवढंच नोंदवतं. आतला बदल त्याला दिसत नाही आणि ती फाइल पुन्हा चालत नाही. फ्लायवे हे मायग्रेशन साधन चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) ठेवतं, त्यामुळे निदान ओरडतं तरी.

मायग्रेशन अर्ध्यात पडलं तर डेटाबेस कोणता ते पाहा. पोस्टग्रेस टेबलांमधले बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात) गुंडाळून परत फिरवू शकतं. मायएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक बदल तिथल्या तिथे कमिट (कायम) होतो, म्हणून अर्धं काम झालेलं सापडतं. टेबलाची खरी स्थिती न बघता 'फेक' मारू नका, म्हणजे मायग्रेशन न चालवताच ते झाल्याची नोंद करू नका.

रेल्स या रूबी फ्रेमवर्कमध्ये फाइलच्या नावात टाइमस्टँप असल्यानं क्रमांकांची टक्कर होत नाही, भांडण स्कीमा फाइलच्या (डेटाबेसची सध्याची रचना लिहिलेल्या फाइलच्या) व्हर्जनच्या ओळीवर येतं. ती हातानं जोडण्यापेक्षा मायग्रेट चालवून नव्यानं तयार होऊ द्या.

सीआयवर (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेवर) दोन्ही पीआर (मर्जसाठी मांडलेले बदल) हिरवे असूनही मर्जनंतर मेन लाल होतं, कारण प्रत्येक पीआर जुन्या मेनवर तपासला गेला होता. मर्जपूर्वी ब्रँच ताजी करणं सक्तीचं करा. शिवाय प्रत्येक ॲपमध्ये शेवटच्या मायग्रेशनचं नाव असलेली एका ओळीची फाइल ठेवा आणि ती जुळत नसेल तर सीआय फेल करा. दोघांनी तीच ओळ बदललेली असल्यानं गिटला अखेर तोंड उघडावंच लागतं.