एकटीच्या हाताने बाळ: पहिला दीड महिना

दवाखान्यातून सोडताना टाके, गोळ्या आणि लसीचं सांगतात. रात्र कशी काढायची ते कोणी सांगत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी कळव्याला किंवा दिघ्याला एका खोलीत बाळ घेऊन एकटी राहताना घोळ होतो तो बहुतेक रात्रीच. म्हणून आधी रात्रीचं बघू.

दिवेलागणीलाच सगळं हाताशी ठेव. घडी घातलेले 5-6 लंगोट, 2 दुपटी, एक झबलं, पुसायला ओला कपडा, तुझ्यासाठी तांब्याभर पाणी आणि डब्यात लाडू किंवा शेंगदाणे-गूळ. झिरोचा बल्ब चालू राहू दे, मोठा दिवा लावलास तर बाळ पुरतं जागं होतं. बाळाची गादी तुझ्या अंथरुणाला लागून, पण वेगळी हवी. बाळाला पाठीवरच झोपव. मोहरीची उशी, जाड गोधडी, तोंडाजवळ काही नको. अरुंद कॉटवर बाळाला कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं, कारण दमलेल्या माणसाला बाळ अंगाखाली आलेलं कळत नाही. खोली बंद करून शेगडी पेटवू नकोस. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, दोघंही झोपेतच गुदमराल.

लंगोट 24 तरी हवेत. दिवसाला 10-12 लागतात, आणि पावसाळ्यात चाळीच्या दोरीवर दोन दोन दिवस वाळत नाहीत. दमट लंगोटाने जांघेत लाल चट्टे उठतात, म्हणून अर्धवट वाळलेल्यावर इस्त्री फिरव. पावडर टाकू नकोस.

दूध

पहिलं पिवळट चिकाचं दूध टाकायचं नाही. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाज. सहा महिने पाणी, गुटी, मध यातलं काही नाही. मधातून लहान बाळाला अन्नविषबाधेचा गंभीर आजार होऊ शकतो. दूध पुरतं का, हे रडण्यावरून ठरवू नकोस, लंगोट मोज. पाचव्या दिवसानंतर दिवसाला 6 किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर पुरतंय. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवं.

पाजताना टोचत-दुखत असेल तर बाळाने नुसतं बोंड धरलंय. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव. आ मोठा करू दे आणि हनुवटी छातीला टेकेल असं पुन्हा लाव. तसंच रेटलंस तर चिरा पडतात, दुखतं म्हणून पाजणं टळतं, आणि पाजणं टळलं की दूध आटतं.

डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलंच, तर भांडी 10 मिनिटं उकळ. माप डब्यावर लिहिलंय तेच. डबा जास्त दिवस जावा म्हणून पाणी वाढवतात, तिथेच बाळ सुकतं, कधी आकडी येते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. उरलेलं दूध ओतून टाक.

रडणं

दुसऱ्या महिन्यात रडणं सगळ्यात जास्त असतं. पाजलं, ढेकर काढली, लंगोट बदलला, तरी थांबत नाही आणि तुझे हात थरथरायला लागले, तर बाळाला पाठीवर ठेव, दाराबाहेर जा, 10 मिनिटं थांब. तेवढ्या रडण्याने त्याला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र होतं: मान कच्ची, डोकं जड, मेंदूत रक्तस्राव होतो.

शेजारणीला “जरा मदत करा” असं मोघम सांगितलं तर ती बाळाला खेळवून जाते. “काकू, सकाळी नळ आला की माझे दोन हंडे भरा” किंवा “पाच ते सात बाळाकडे बघा, मी झोपते” असं नेमकं माग.

दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येतंय, बाळ झोपलं तरी तुझा डोळा लागत नाही, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय, तर 14416 वर, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर बोल. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

लगेच दवाखाना

बाळ पीत नाही, ताप किंवा अंग गार, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, तळवे पिवळे, आकडी. तुला तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, किंवा डोकं ठणकून अंधारी. यातलं काहीही झालं तर 108. सकाळ होऊ दे म्हणू नकोस.

कागद

वय खोटं सांगू नकोस. 18 च्या खाली असशील तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. ती तक्रार तुझ्यावर नसते. जबाब तुझ्या घरी किंवा तू म्हणशील तिथे घेता येतो आणि विश्वासातलं माणूस सोबत बसू शकतं. खोटं वय मात्र पुढे आधारशी जुळत नाही आणि जन्मदाखला अडतो.

जन्मनोंद 21 दिवसांत. सुट्टी होण्याआधी दवाखान्याच्या फॉर्मवरची नावं स्वतः वाच, कारण चुकलेलं अक्षर सुधारायला महापालिकेत चकरा पडतात. वडिलांच्या नावावरून कोणी अडवलं तर 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांग: अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायचा आहे.

बाळाला सांभाळणं खरंच अशक्य वाटलं तर बालकल्याण समितीकडे जा, ती अशा बाळांची सोय बघणारी सरकारी समिती आहे. तिथे सोपवल्यावर फेरविचाराला 60 दिवस मिळतात. 1098 या लहान मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरून वाट विचार. ओळखीतलं कोणी “आम्हीच ठेवतो” म्हणालं तरी परस्पर देऊ नकोस, तो गुन्हा आहे.

शाळा

दहावी-बारावी 17 नंबर फॉर्म भरून बाहेरून देता येते. मुंबई विभागीय मंडळ वाशीलाच आहे. पेपर दोन ते तीन तासांचा. आत जायच्या अगदी आधी पाज. काढून ठेवलेलं दूध झाकून, सावलीत 4 तास टिकतं, पण जाण्यायेण्याचा वेळ धरला तर ते कमी पडतं. तेव्हा बाळ घेऊन शेजारच्या काकूंना केंद्राजवळच बसव, वाटी-चमचा त्यांच्या पिशवीत दे.