मुलांना घेऊन किराणा आणताना बजेट फुटतं? या चुका टाळा

मुलं सोबत असली की बिल फुगतं आणि खापर त्यांच्या हट्टावर फुटतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. मूल मागणारच. घोळ होतो तो आपल्याकडून: काय घ्यायचं, किती घ्यायचं हे आपण दुकानात उभं राहून ठरवतो, तेही मूल रडत असताना आणि मागे चार माणसं ताटकळत असताना.

'नाही'चं 'बरं, घे' करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा सूर चढला की 'घे एकदाचं, पण गप्प बस'. यातून मूल नकार पचवायला शिकत नाही, किती ताणायचं ते शिकतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं होतं की कधी मिळतं, कधी मिळत नाही अशा बेभरवशाच्या बक्षिसावर पोसलेली सवय फार चिवट असते. म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला देऊन टाका. नाही म्हणालात तर मग ते नाहीच राहू द्या.

नियम नव्याने लावला की हट्ट कमी व्हायच्या आधी वाढतो, हे मात्र धरून चला. बरेच पालक नेमके इथेच ढेपाळतात आणि 'आमच्याकडे हे चालत नाही' म्हणून सोडून देतात. मुलाने भोकाड पसरलंच तर ट्रॉली बाजूला लावा, त्याला घेऊन पाच मिनिटं बाहेर थांबा, शांत झालं की परत आत या. लोक बघतात, बघू देत.

नाही म्हणताना 'आपल्याकडे पैसे नाहीत' असंही सांगू नका. पुढच्याच शेल्फवरून तुम्ही स्वतःसाठी शाम्पू उचलता, ते मूल बघत असतं. 'आज यादीत नाही' हे खरंही असतं आणि त्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. 'पुढच्या वेळी घेऊ' म्हणजे तर उधारीचं खातं उघडणं. मुलं त्यातली एकही नोंद विसरत नाहीत.

मुलाचा वाटा आधी न ठरवणं

'एकच वस्तू घ्यायची हं' ही मर्यादा नव्हे, कारण ती एक वस्तू कितीचीही असू शकते. वस्तू एक आणि रक्कम अमुक, असं दोन्ही घरीच ठरवा आणि ते बजेटमध्ये सरळ लिहून टाका. दोन मुलं असतील तर दोघांना रक्कम सारखी द्या, वस्तू सारखीच हवी असं नाही. सोबत दोन मोठी माणसं असतील तर ही रक्कम दोघांनाही माहीत हवी, नाहीतर आईने नाकारलेलं बाबांच्या हातून ट्रॉलीत येतं.

मूल सहा-सात वर्षांपुढचं असेल तर ती रक्कम रोख द्या. कार्ड किंवा मोबाइलने पैसे दिले की मुलाच्या दृष्टीने पैसे कुठे गेलेच नाहीत. हातात नोट असली की वेगळंच दिसतं: एक पुडा उचलतं, किंमत बघतं, ठेवून देतं, दुसरा उचलतं, पुन्हा पहिल्याकडे वळतं. या घोळात दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. उरलेले पैसे त्याचेच, हेही आधी सांगून ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांना यातलं काही कळत नाही, त्यांना ट्रॉलीत बसवा आणि पटकन आटपा.

दुकानाची मांडणी न ओळखणं

ग्राहकाने स्वतः माल उचलायचा, ही पद्धत १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'पिगली विगली' या दुकानाने रुजवली. तोवर किराणा साधारणपणे काउंटरपलीकडून दुकानदार काढून देई. माल हाताशी आल्यावर तो कोणाच्या हाताशी ठेवायचा, हा विक्रीचा डाव झाला. मुलांना खुणावणाऱ्या वस्तू मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणि बिलाच्या रांगेलगत असतात, त्या उगीच नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत साखर, मीठ, चरबी जास्त असलेले बरेच पदार्थ प्रवेशद्वाराशी आणि बिलाच्या काउंटरजवळ मांडायला मनाई आहे, यावरून त्या जागांची ताकद ओळखा. अशा वस्तूंच्या शेल्फांच्या रांगा टाळता येतात तिथे टाळा. बिलाच्या रांगेत मुलाला काम द्या: सामान काउंटरवर काढून ठेवणं किंवा यादीवर खुणा करणं.

काम देतानाही ते नेमकं हवं. 'जा, काहीतरी चांगलं घेऊन ये' म्हटलं की काय येणार ते ठरलेलं. न वाचणाऱ्या मुलाला चित्रांची यादी द्या. भागाकार येणाऱ्याला १०० ग्रॅमचा भाव काढायला सांगा. डब्यावरच्या कार्टूनचे किती पैसे पडतात ते त्याचं त्यालाच दिसेल. फक्त मोठा पुडा स्वस्त पडतो हे गणित खाऊला लावू नका. मोठा पुडाही तितक्याच दिवसांत संपतो.

उपाशी किंवा पेंगुळलेलं मूल दुकानात नेऊ नका. आणि गप्प बसवायला बिलाआधीच पुडा फोडलात, तर तो घ्यावाच लागतो.

इतकं करूनही बिल वाढतंय?

घरी आल्यावर बिलावर तीन प्रकारच्या खुणा करा: यादीतलं, मुलाचं, आणि आपण ऐनवेळी उचललेलं. तिसरी खूण जास्त दिसली तर मुलांना बोलून उपयोग नाही. मुलांचीच जास्त असेल तर ठरलेली रक्कम अवास्तव कमी आहे का, ते आधी बघा. बेरीजच चुकत असेल तर प्रत्येक किंमत वरच्या पूर्णांकात धरून मोबाइलवर बेरीज करत चला, आणि परत ठेवायच्या वस्तू रांगेत शिरायच्या आधी ठेवा. महिना खरोखरच ओढाताणीचा असेल तर सरळ एकटे जा.

ऑनलाइन मागवत असाल तर मुलांनी निवडलेलं कार्टमध्ये राहू द्या, पण पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी भरा. 'इतक्याची खरेदी केल्यास घरपोच मोफत' म्हणून कार्टमध्ये काय काय भरलं गेलंय, तेही तेव्हाच तपासा.